सिलिंडरला टाकी

ज्यांच्या घरी पाटा-वरवंट्यावर वाटण वाटलं जायचं, त्यांना टाकीवाली बाई आठवत असेल. दुपारच्या वेळी गल्लीतून तिची हाक यायची. घरातला पाटा उंबऱ्याबाहेर यायचा आणि ती छिन्नी-हातोडी घेऊन त्याच्यावर बारीक-बारीक घाव घालत बसायची. लहानपणी मला त्याचं नवल वाटायचं. चांगला गुळगुळीत झालेला दगड मुद्दाम खरबरीत का करायचा? कारण अगदी साधं होतं. गुळगुळीत पाट्यावर मिरची घसरते, वाटली जात नाही.

आज मी बोलणार आहे ते पाट्याबद्दल नाही. जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या सिलिंडरबद्दल बोलणार आहे. कवितेच्या माणसाने इंजिनाच्या भानगडीत का पडावं, असं कुणी विचारील. पण वसई-विरारकडे ज्यांची उमर गेली, त्यांच्या घरात एखादा तरी फिटर, टर्नर किंवा वेल्डर असतोच. पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली या भागात इंडस्ट्रियल इस्टेटचे गाळेच गाळे आहेत. माझे थोरले मामू अशाच एका गाळ्यात फिटर होते. पुस्तकांच्या आधी मी त्यांच्या हत्यारांची नावं शिकलो. म्हणून हा विषय मला परका नाही.

आधी सिलिंडर म्हणजे काय ते पाहू. गॅरेजमध्ये त्याला ब्लॉक म्हणतात. जुन्या गाड्यांचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असे. आत एक गोल पोकळी असते, तिला बोअर म्हणायचं. त्यात पिस्टन वर-खाली धावतो. पिस्टन बोअरला पूर्ण घासून बसत नाही, थोडी फट ठेवलेली असते. ती फट बुजवतात पिस्टनवरच्या रिंगा. पेट्रोलचा भडका वर कोंडून ठेवायचं काम त्यांचं. या रिंगा लोखंडावर मिनिटाला हजारो वेळा घासतात, तरी जळत नाहीत, कारण मध्ये तेलाचा पातळ थर असतो. तो थर धरून ठेवतात बोअरच्या भिंतीवरचे बारीक तिरपे चरे. एकमेकांना फुलीसारखे छेदणारे हे चरे कारखान्यातच मुद्दाम पाडलेले असतात.

गाडी वर्षानुवर्षे धावली की हे चरे झिजतात आणि भिंत आरशासारखी चमकू लागते. नवख्या माणसाला वाटतं, काय सुंदर इंजिन आहे! जाणकार मात्र मान हलवतो. आरशावर तेल थांबत नाही. अशा बोअरमध्ये नव्या रिंगा घातल्या तरी त्या नीट बसत नाहीत. मग दाब सुटतो, धूर होतो, चढावर गाडी दमते. त्या भिंतीला पुन्हा बारीक चरे पाडणं याला होनिंग म्हणतात. मी त्याला सिलिंडरला टाकी लावणं म्हणतो.

मामूंची गाडी १९७६ची येझदी. तरुण श्रोत्यांसाठी थोडा इतिहास सांगतो. जावा ही मूळची झेक देशाची गाडी. यानेचेक हे संस्थापकाचं नाव आणि वांडरर ही जर्मन कंपनी, या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून १९२९ साली ‘जावा’ हे नाव तयार झालं. आपल्याकडे मैसूरला आयडियल जावा कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती बनवायला घेतली. पुढे सत्तरच्या दशकात तिचं नाव येझदी झालं. एक सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. किक मारायचा दांडाच पुढे ढकलला की गिअरचा दांडा व्हायचा. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. नंतर २०१८च्या नोव्हेंबरात जावा आणि २०२२च्या जानेवारीत येझदी ही नावं बाजारात परत आली. पण या नव्या गाड्यांचं इंजिन फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारं. त्यांचा ब्लॉक जुन्या गाडीला बसत नाही. म्हणजे मैसूरचा जुना ब्लॉक ज्याच्याकडे आहे, त्याने तो जपूनच वापरायचा.

आमची येझदी बुडाली २०१८च्या जुलैत. तो पाऊस आमच्याकडे कुणी विसरणार नाही. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं, लोकल बंद पडल्या, वसईच्या मिठागरात अडकलेल्या लोकांना बाहेर काढावं लागलं. मामूंचं घर पश्चिमेला, सखल जागी. पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी गुडघाभर पाण्यात राहिली. येझदीचे सायलेन्सर खाली असतात. पाणी त्यातून आत शिरलं आणि थेट बोअरपर्यंत गेलं. पुढची काही वर्षं माणसांच्याच अडचणी इतक्या होत्या, की गाडीकडे कुणी पाहिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामूंनी विषय काढला. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे. नजर अधू झाली आहे, बोटं मात्र शाबूत आहेत. म्हणाले, ‘‘अरे, तिचा आवाज एकदा ऐकायचा आहे.’’ एका गॅरेजवाल्याने गाडी पाहून भंगारचा भाव सांगितला होता. मामू त्याला काही बोलले नाहीत. त्याची पाठ वळल्यावर मला म्हणाले, ‘‘पाने काढ.’’

किक दगडासारखी घट्ट. इंजिन जाम झालं की लोक किकवर उभे राहून उड्या मारतात, नाहीतर हातोडा घेतात. त्यात रिंग तुटते, कनेक्टिंग रॉड वाकतो. आम्ही प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओतलं आणि आठ दिवस गाडीला हात लावला नाही. मग वरचा गिअर टाकून मागचं चाक हलक्या हाताने पुढे-मागे डोलवत राहिलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिस्टन सुटला. हेड उतरवलं, ब्लॉक वर खेचून काढला. आत एक्झॉस्टच्या खिडकीवर रुपयाएवढा गंजाचा डाग होता. बाकी भिंत चकचकीत.

इथे मामूंनी पिस्टनच्या डोक्यावरून बोट फिरवलं. तिथे माप कोरलेलं असतं. नव्या येझदीचं बोअर ६५ मिलीमीटर. आमच्या पिस्टनवर होतं ६६. याचा अर्थ सांगतो. बोअर झिजलं की ते मशिनवर पाव मिलीमीटर मोठं करून घ्यायचं आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालायचा, अशी पद्धत आहे. आमच्या ब्लॉकचे असे चार बोअर आधीच झाले होते. ६६च्या पुढचा पिस्टन आमच्याकडे नव्हता आणि शोधूनही मिळेना. मामूंच्या पत्र्याच्या डब्यात ६६च्या मापाचा नव्या रिंगांचा एकच संच जपून ठेवलेला होता. पाट्याचंही तसंच असतं. प्रत्येक टाकीला दगड थोडा पातळ होतो आणि एक दिवस टाकीवालीच सांगते, आता याला घाव सोसणार नाही.

म्हणून पहिला प्रश्न होता, हे बोअर होनिंगने भागेल का? होनिंगला मर्यादा आहे. ते भिंतीचा पोत सुधारतं, आकार सुधारत नाही. बोअर वरच्या बाजूला जास्त झिजतं, कारण भडका तिथे असतो आणि तेल कमी. ते वर रुंद आणि खाली अरुंद झालं असेल किंवा अंडाकृती झालं असेल, तर कितीही होन करा, उपयोग नाही.

हे मोजायची घरगुती युक्ती मामूंनी मला शाळेत असताना शिकवली होती. नवी रिंग एकटीच बोअरमध्ये ठेवायची आणि पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ बसवायची. रिंगेची दोन टोकं जिथे समोरासमोर येतात, तिथली फट फीलर गेजच्या पत्तीने मोजायची. हेच वर, मध्ये आणि खाली, अशा तीन ठिकाणी. वरच्या आणि खालच्या फटींत जो फरक येईल त्याला ३.१४ ने भागायचं. आलेलं उत्तर म्हणजे बोअरच्या रुंदीतला फरक. शाळेत वर्तुळाचा परीघ शिकवतात ना, तोच इथे कामाला येतो. आमची फट वर ०.४५ आणि तळाशी ०.३० मिलीमीटर भरली. फरक ०.१५, म्हणजे रुंदीत फरक सुमारे ०.०५ मिलीमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही थोडा कमी. साधारणपणे इतपत चालतं. ०.१०च्या पुढे गेलं की बोअर मारणंच आलं.

पण रिंगेवरून अंडाकृतीपणा कळत नाही. त्यासाठी बोअर डायल लागतो आणि तो घरोघरी नसतो. ब्लॉक पिशवीत घालून मी गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात नेला. तिथले लेथवाले चाचा मामूंचे जुने सोबती. त्यांनी डायल घालून दोन्ही बाजूंनी मोजलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘‘गोल आहे अजून. मशिनवर घालू नका. लोखंड काढता येतं, परत घालता येत नाही.’’ दुसरा मार्ग त्यांनी सांगितला तो स्लीव्हचा. सगळं बोअर मोठं करून आत बिडाची नवी नळी ठोकायची. पण टू-स्ट्रोकच्या भिंतीत हवा-पेट्रोल आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या खिडक्या असतात. नव्या नळीत त्या तंतोतंत जागी कापाव्या लागतात. मामू म्हणाले, ‘‘ते शेवटचं औषध. आधी साधं करून पाहू.’’

आता प्रत्यक्ष काम. होन दोन प्रकारचे मिळतात. एक तीन पायांचा. त्याच्या पायांना घासायचे दगड असतात आणि स्प्रिंगने ते भिंतीला दाबले जातात. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाडीच्या सलग बोअरला तो चालतो. टू-स्ट्रोकमध्ये मात्र त्याचे दगड खिडकीच्या कडेला अडकतात, दगडाचा टवका उडतो, कड मोडते. दुसरा प्रकार ब्रशसारखा. तारांच्या टोकांना खरबरीत गोळ्या, दिसायला द्राक्षाच्या घडासारखा. तो खिडक्यांवरून सुखरूप जातो. आम्ही तोच घेतला, २४० नंबरचा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानात अशा वस्तू मिळतात. एक सावधगिरीचा शब्द. नव्या गाड्यांपैकी काहींचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असतो आणि आत कठीण धातूचा पातळ लेप असतो. त्याला हे ब्रश-दगड लावू नयेत. हा सगळा प्रकार बिडाच्या बोअरचा आहे.

ब्लॉक लाकडी ठोकळ्यांमध्ये, कापड लावून शिकंजात धरला. शिकंजा फार आवळायचा नाही, नाहीतर बोअरच दबतं. डोळ्यांवर चष्मा हवा. ढिल्या बाह्या आणि हातमोजे नकोत, फिरत्या ड्रिलमध्ये ते गुंडाळले जातात. भिंतीवर आणि ब्रशवर भरपूर तेल. वेग बदलता येणारी ड्रिल मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या आसपास ठेवली. ब्रश फिरवतच आत घालायचा आणि फिरवतच बाहेर काढायचा. आत थांबला तर तिथे गोल चर पडतो, सरळ खेचला तर उभा ओरखडा.

खरी गोम आहे वर-खाली करण्याच्या वेगात. बहुतेक लोक सावकाश करतात. मग चरे जवळजवळ आडवे पडतात. फार घाई केली तर ते उभे होतात आणि तेल त्यातून खाली ओघळतं. चरे एकमेकांना सुमारे ४५ अंशात छेदायला हवेत. तीनशेच्या वेगाला त्यासाठी सेकंदाला जवळजवळ दोनदा वर-खाली करावं लागतं. एकसारख्या तालात. मामू स्टुलावर बसून मांडीवर थाप देत होते आणि मी त्या ठेक्यावर ड्रिल चालवत होतो.

पंधरा सेकंद झाले की थांबायचं, पुसायचं, पाहायचं. पहिल्या वेळी चमक गेली. दुसऱ्या वेळी भिंतीवर जाळीसारखे चरे दिसू लागले. राखाडी, मऊ, एकसारखे. पण गंजाच्या डागाच्या जागी एक काळपट ठसा उरला होता. बिडात सूक्ष्म खड्डा पडला होता त्याचा. नखाला तो लागत नव्हता. नख अडकलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ड्रिल माझ्या हातात, ब्रश आतच. अजून अर्धं मिनिट फिरवलं की डाग नाहीसा झाला असता. त्याबरोबर किती लोखंड गेलं असतं? शतांश मिलीमीटर, कदाचित दोन. पण ६६च्या पुढे आमच्याकडे पिस्टन नव्हता.

मी मामूंना सांगितलं, ‘‘थोडा डाग दिसतो आहे.’’ त्यांनी आत बोट घातलं, डागावरून दोनदा फिरवलं आणि म्हणाले, ‘‘राहू दे. चरे आले ना? बस.’’

मला वाटतं, या कामातली सगळी विद्या त्या ‘बस’मध्ये आहे. ब्रश फिरवणं आठवडाभरात कुणीही शिकेल. थांबायचं कुठे, हे कळायला मामूंसारखी चाळीस वर्षं गाळ्यात जावी लागतात. आपण जुनी वस्तू दुरुस्त करायला घेतो तेव्हा ती नव्यासारखी व्हावी असा मोह होतो. घराची जुनी भिंत असो, नाहीतर आजोबांची पेटी. डाग जावा म्हणून आपण घासत राहतो आणि डागाबरोबर वस्तूही झिजते. मामूंना गाडी नवी करायची नव्हती. चालती करायची होती.

होनिंग झालं म्हणजे काम झालं असं समजू नका. पुष्कळ इंजिनं यानंतरच्या आळसाने मरतात. भिंतीवर लोखंडाचा आणि दगडाचा बारीक कीस चिकटलेला असतो. रॉकेलने किंवा पेट्रोलने धुतलं की तेल जातं, कीस चऱ्यांतच राहतो आणि नव्या रिंगा पॉलिश पेपरसारख्या घासून खातो. त्याला उपाय आपल्या मोरीतला. गरम पाणी, कपडे धुण्याचा साबण आणि ब्रश. मग पांढरं फडकं आत फिरवायचं. ते राखाडी आलं तर पुन्हा धुवायचं. आम्ही चार वेळा धुतलं तेव्हा फडकं पांढरं निघालं. पुसल्याबरोबर लगेच तेलाचा हात. आमच्याकडे समुद्र जवळ, हवा खारी. उघडं बीड चहा होईपर्यंत तांबूस पडू लागतं.

नंतर खिडक्यांच्या कडांची धार बारीक दगडाने हलकीच मोडली आणि रिंगांच्या फटी पुन्हा तपासल्या. या मापाच्या बोअरला नवेपणी पाव मिलीमीटरच्या आसपास फट असते. आमची थोडी जास्त होती, पण चालण्याजोगी. फट फारच कमी असेल तर रिंग तापून फुगते, टोकं भिडतात आणि इंजिन पुन्हा जाम होतं. होनिंगनंतर जुन्याच रिंगा घालणं म्हणजे मात्र कष्ट वाया.

गाडी सुरू झाली सातव्या किकला. आधी धूर इतका की शेजारची मुलं खोकत पळाली. मग तो ओळखीचा आवाज स्थिर झाला. मामू स्टुलावरून उठले नाहीत. डोळे मिटून ऐकत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘एकाच जागी उभी नको ठेवू. फिरवून आण.’’ बरोबरच होतं. नव्या रिंगा आणि नवे चरे चालत्या गाडीतच एकमेकांना बसतात. पहिले काही शे किलोमीटर इंजिन पिळायचं नाही आणि वरच्या गिअरमध्ये कण्हतही चालवायचं नाही.

आता एक व्यवहाराची गोष्ट. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कारणांसाठीच ती निघते. आमच्या येझदीचं पन्नासावं वर्ष २०२६. घरातल्या मुलांना तो मानाचा नंबर हवा आहे. मामूंचं म्हणणं वेगळं. ही गाडी कामावर जायची, बाजाराला जायची, बायकामुलांना दवाखान्यात न्यायची. तिला शोकेसमध्ये कशाला बसवता? हा वाद अजून मिटलेला नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

तुमच्याही अंगणात ताडपत्रीखाली एखादी जावा, राजदूत किंवा बुलेट उभी असेल, तर पावसाळ्याआधी अर्धा तास काढा. प्लग काढून आत दोन चमचे इंजिन ऑइल सोडा. चावी बंद ठेवून पाच-सहा वेळा किक सावकाश फिरवा, म्हणजे तेल सगळ्या भिंतीला लागेल. प्लग परत बसवा. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबून वर प्लास्टिक बांधा आणि ते काढायची आठवण म्हणून हँडलला चिठ्ठी अडकवा. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाकांखाली विटा द्या. महिन्यातून एकदा किक हलवून पाहा. सखल भागात राहत असाल तर पाणी चढण्याआधी गाडी उंचावर न्या. एवढं केलंत तर होनचा ब्रश आणावाच लागणार नाही, आणि ब्लॉकमध्ये जे लोखंड शिल्लक आहे ते तसंच राहील.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)